तवाचा आरसा

नारळ शाबूत राहिला आणि आरसा फुटला. मी घर सोडलं ते असं.

साल ब्याण्णव. आष्ट्यात आमच्या दारात गाडी उभी होती, मला मिरज स्टेशनवर सोडायला. तिथून मुंबई, आणि मुंबईहून जपान, एका कारखान्यात लेथवर काम करायला. गल्लीतून परदेशी जाणारा मी पहिलाच, म्हणून माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, समारंभ आपल्याकडे घेतला. तात्या फौजेतून हवालदार होऊन आलेले. लग्नातल्या पंगतीलाही संचलनाची शिस्त लावायची त्यांची हौस होती. त्यांनी फेटा बांधला आणि एक छोटं भाषण केलं. त्यात 'देश' तीनदा आला, माझं नाव एकदाही नाही. मग गाडीच्या नाकावरून नारळ तीनदा ओवाळला आणि तो खालच्या दगडावर फोडायला हात असा काही उगारला, की खाली येताना तो उजव्या मडगार्डवरच्या आरशावर बसला. आरशाची बारीक दांडी कट्‌कन मोडली. नारळ गडगडत गटारापर्यंत गेला, अखंड.

आरसा मडगार्डवर कसा, हे सांगायला हवं. ती गाडी जपानी होती, माझ्या वयाच्याच आसपासची. नाक लांब, शेपूट आखूड, दारं दोनच, मागच्या काचेवर खिडकीच्या झडपांसारख्या काळ्या पट्ट्या. आणि आरसे दारांना नसून पार पुढे, दोन्ही मडगार्डांवर उभे. पोरं तिला 'शिंगवाली' म्हणत. स्पोर्ट्स गाडी म्हणायची, पण आमच्या रस्त्यांवर तिचा खेळ फक्त खड्ड्यांशी चाले. आत बसलं की जमिनीवर मांडी घातल्यासारखं वाटे.

माझे वडील, अण्णा, लष्कराच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं ट्रक दुरुस्त करून परतले आणि मिरजेच्या एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर झाले. डॉक्टरांनी ही गाडी आफ्रिकेतून बोटीनं आणलेली. ते गेल्यावर त्यांच्या बाई अण्णांना म्हणाल्या, तुम्हीच सांभाळलीत, तुम्हीच न्या. अण्णांनी ती आणली आणि एकच नियम केला: हिच्यात 'आताचं' काही येणार नाही. झुलणारे गोंडे नाहीत, गाणारा हॉर्न नाही, रेक्झिनची कव्हरं नाहीत. स्टेअरिंगचं लाकडी कडं तडकलं तेव्हा मिरजेच्या एका सतार करणाऱ्याकडे ते घेऊन गेले. त्यानं लाखेचा असा हात मारला, की कड्याला नख लागलं तर सूर निघेल असं वाटावं.

तर आरसा फुटला. निघताना आरसा फुटणं म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको होतं. अण्णांनी तो उचलला आणि बाहीनं पुसला.

"सुन्या, जपानलाच चाललायस न्हवं? मग येताना आरसा घिऊन ये. पर तवाचा पायजे."

आई ओवाळणीचं ताट धरून उभी होती. "आवं, तव्याचा?"

"तवाचा गं. गाडी झाली तवाचा."

सगळे हसले. अपशकुन हसण्यावारी गेला, निदान तेव्हा तसं वाटलं.

मिरजेच्या रस्त्याला लागेपर्यंत मी डाव्या आरशात बघत होतो. आई, तात्या, फेटा, सगळं इवलंसं झालेलं. अण्णा म्हणाले, "लांबचा आरसा हाय त्यो. मागचं बारीक दिसतं, पर सगळं दिसतं." उजवीकडे आता नुसती मोडकी दांडी होती, म्हणून ते सारखे खिडकीतून मान काढून मागे बघत. स्टेशन येईपर्यंत मला त्यांचा फक्त कान दिसला. मागून गाडी येतेय का ते बघतायत, असं मी धरून चाललो. त्या सकाळी मागून काहीच येत नव्हतं, हे मला जपानमध्ये आठवलं, दोन वर्षांनी, भात धुताना.

तिकडे मी कारखान्याच्या वसतिगृहात राहत होतो. रविवारी समुद्राकाठच्या पार्किंगमध्ये जुन्या गाड्यांचा मेळा भरे. माणसं पांढरे हातमोजे घालून बॉनेट उघडत. गाडी ज्या सालची, चाकाच्या टोप्या, रेडिओ, नंबरप्लेटचे स्क्रूसुद्धा त्याच सालचे हवेत. कुणाच्या गाडीला दोन वर्षं उशिराचा दिवा दिसला, की सगळे मयताला आल्यासारखा चेहरा करत. मला तात्यांची आठवण येई. फेटे वेगळे, एवढंच.

तिथं भंगारवाल्या ओकादा-सानांनी मला एक शब्द शिकवला: तोजीमोनो. त्या वेळची वस्तू. मागाहून केलेली नक्कल नव्हे, त्याच वेळी झालेली. मी मोठ्यानं म्हणालो, तवाचं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला.

दुसऱ्या वर्षी मी एक कोरा, नक्कल केलेला आरसा पार्सलनं पाठवला. अण्णांचं पत्र आलं: 'आरसा पोचला. हा आताचा आहे. तुझ्या आईनं स्वयंपाकघरात लावला. त्यात बघून कुंकू लावते. बारीक दिसते म्हणून खूश आहे.'

मग मी खराखुरा शोधू लागलो, आणि शोधता शोधता हातमोजेवाला झालो. एकाच्या क्रोमला फोड होते, दुसऱ्याची दांडी पुढच्या मॉडेलची, तिसऱ्याच्या काचेवर हवा तो शिक्का नव्हता. महिन्यातून एकदा मी आष्ट्याच्या बूथवर फोन करी. अण्णा 'कवा येतोस' असं कधीच विचारत नसत. ते विचारत, "आरसा घावला का?" आणि मी आरशाबद्दल उत्तर देई. शिक्का, दांडी, क्रोम. पलीकडे ते शांतपणे ऐकून घेत. "बरं. घावंल," म्हणत.

पाचव्या वर्षी ओकादा-सानांच्या मागच्या गवतात तो घावला. मी तो पुन्हा क्रोम करायला टाकला, कारण आता एवढं थांबलोय तर नीटच नेऊ. तो तयार होऊन त्यांच्या फळीवर पाच महिने पडून होता. कारखान्यात सुट्टी मिळत नव्हती, असं मी सांगत असे. मागितली नव्हती, हे खरं. मग तात्यांचा फोन आला. आयुष्यात पहिल्यांदाच ते भाषण न करता बोलले.

पोचलो तेव्हा अण्णांचा दहावाही होऊन गेला होता. स्वयंपाकघरात तो आताचा आरसा भिंतीकडे तोंड करून टांगलेला होता.

सकाळी मी आरसा घेऊन शेडमध्ये गेलो. उजव्या मडगार्डवर दांडीचं उघडं भोक असेल, गंज धरला असेल, अशी माझी तयारी होती. तिथं सतारीची खुंटी होती. काळसर लाकडाची, वरून गोल, भोकात घट्ट बसलेली. आई मागे येऊन उभी राहिली.

"मिरजंच्या सतारवाल्याकडनं करून आणली. पाणी जायाला नको म्हणून. दर दसऱ्याला काढायचे, तेल लावून परत बसवायचे."

"तेल कशाला?"

"तू आल्यावर निघाया नको व्हय?"

खुंटी दोन बोटांत निघाली. बोटं तेलकट झाली. दसरा होऊन जेमतेम महिना झाला होता.

आरसा बसवला. तो कुठल्या कोनात वळवायचा ते मला कळेना. मी अण्णांपेक्षा वीतभर उंच. आई दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसली. या गाडीत ती तिथं कधीच बसली नव्हती. म्हणाली, "आमी दोघं एकाच उंचीचे. लगीन ठरवताना भिंतीला उभं करून बघितलंवतं." मी पुढे जाऊन आरसा तसूतसूनं वळवत राहिलो. वर. थोडा आत. ती समोर बघत होती, चेहरा न हलवता.

"थांब. दिसली गल्ली. ऱ्हाऊ दे आता."

तो कोन कुणी हलवलेला नाही. खुंटी माझ्याकडे जपानमध्ये आहे. गेल्या मेळ्यात एका हातमोजेवाल्यानं ती हातात घेऊन विचारलं, तोजीमोनो का? मी हो म्हणालो. त्यानं कुठल्या गाडीची, कुठल्या सालची हे विचारलं नाही. बरं झालं.

माझ्यासारखे गेलेले आणि गावातच राहिलेले, दोघंही मला विचारतात, आता घर कुठलं. मी वर्षाला एकदा आष्ट्याला जातो आणि त्या सीटवर बसतो. माझ्या उंचीवरून त्या आरशात नुसती माती दिसते. गल्ली बघायची तर वीतभर खाली सरकून बसावं लागतं. मग दिसते. बारीक, पण सगळी.