तीन मिनिटं दहा सेकंद

पुस्तक दोन पुठ्ठ्यांच्या आत पुरं व्हायला हवं, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. बाविसाव्या पानावर वाचकाला उठवून घराबाहेर पाठवणारं पुस्तक माझ्या हाती आलं ते २००९ साली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

त्या वर्षी बायकोच्या मांडीचं हाड मोडलं. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरात ती पायाला प्लास्टर घालून पलंगावर पडून होती. तिला रहस्यकथांचा जुना नाद, पण उताणं पडून पुस्तक धरलं की हात भरून येत. म्हणून अंबरनाथच्या कारखान्यातून आलो की चहा घेऊन मी रोज वीस पानं मोठ्यानं वाचायचो.

आमचा एक नियम होता, आजारपणाच्या आधीपासूनचा. अर्धं पुस्तक झालं की खुनी कोण ते तिनं चिठ्ठीवर लिहायचं आणि घडी घालून शेवटच्या पानात ठेवायचं. चिठ्ठी नंतर बदलायची नाही. एका वहीच्या मागच्या पानावर मी निकाल मांडत असे: अकरा पुस्तकं, नऊ बरोबर. कुणी भेटायला आलं की ती आधी हा आकडा सांगायची, मग दुखण्याचं.

बारावं पुस्तक इंग्रजी होतं, एका सहकाऱ्यानं दिलेलं. मी वाचता वाचता मराठी करून सांगत होतो. बाविसाव्या पानावर एक चौकट आली: पुढचं दृश्य पाहायचं तर अमुक वेबसाइटवर जा, हा शब्द टाका. मी चौकट सोडून पुढे गेलो, तर पुढचं प्रकरण ते दृश्य आपण पाहिलंच आहे असं धरून चाललेलं! घरात कॉम्प्युटर नव्हता.

"मग बघून या ना," ती म्हणाली. "आणि सगळं लिहून आणा. तुमच्या तपासणीच्या तक्त्यासारखं."

कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो. जे माप आलं ते लिहायचं, आवडो न आवडो, एवढंच माझं काम.

स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत प्लायवूडच्या आडोशात बसलो. पहिला व्हिडिओ अडत अडत पुरा व्हायला पंचवीस मिनिटं लागली. मध्ये एकदा लाइट गेले, पुन्हा पहिल्यापासून. पडद्यावर हात बांधलेली बाई किंचाळत होती. कॅफेचा मालक उल्हासनगर कॅम्प चारचा सिंधी, तो मागून डोकावला.

"अंकल, घर में भाभी को पता है?"

"उसी के लिए देख रहा हूँ."

तो गल्ल्यावर जाऊन बसला.

असे फेरे चालू राहिले. तिसऱ्या व्हिडिओत एक बाई घरात एकटी, पलंगावर, कमरेपर्यंत प्लास्टर. दार उघडतं. आत आलेला माणूस तिच्याकडे नुसता बघत उभा राहतो. ती हाका मारते, कुणी येत नाही. त्याच वहीत मिनिट-सेकंद घालून लिहीत होतो, ते थांबवलं. डोळे मात्र शेवटपर्यंत उघडे होते. तो माणूस जाताना डाव्या हातानं घड्याळाला किल्ली देतो, तेही पाहिलं.

घरी येऊन सांगितलं, "खोलीत एक बाई होती. मग अंधार झाला."

तिनं चिठ्ठी लिहिली.

शेवटच्या प्रकरणात शेजारी पकडला गेला, तो डावखुरा म्हणून. चिठ्ठीत डॉक्टर होता.

"डावखुरा? हे कधी आलं?"

"आलं असेल कुठेतरी."

"वही द्या."

तिनं पानं उलटली आणि बोट ठेवलं. "वर तुम्हीच लिहिलंय, एकूण तीन मिनिटं दहा सेकंद. मजकूर संपतोय एक मिनिट पन्नासला. उरलेलं एक मिनिट वीस सेकंद कुठे गेलं?"

एकूण वेळ मी सवयीनं आधीच टिपून ठेवला होता. मग सगळं सांगावं लागलं, प्लास्टरसकट.

"हाड मोडलंय माझं, अक्कल नाही," ती म्हणाली.

"तुला त्रास होईल म्हणून—"

"सात आठवडे पंखा बघत पडलेय. एक डोकं तेवढं चालत होतं, त्यालाही तुम्ही प्लास्टर घातलंत."

मी पुस्तकावर घसरलो. अर्धी गोष्ट पानांत, अर्धी भलत्याच्या दुकानात. आजारी माणसानं, म्हाताऱ्यानं, ज्याच्याकडे कॉम्प्युटर नाही त्यानं वाचायचंच नाही का? लेखकाला शब्द सुचत नसतील तर त्यानं लिहू नये. माझा आवाज चढला होता, आणि यातला एकही शब्द मी आज मागे घेणार नाही.

तिनं ऐकून घेतलं. "पुस्तकानं तुम्हाला बघायला सांगितलं होतं. गाळायला नाही."

ज्या माणसानं कारखान्यात कधी माप लपवलं नाही, त्यानं ते घरी लपवलं होतं.

तिनं वहीचं मागचं पान काढून माझ्यापुढे धरलं. "लिहा. बारावं पुस्तक, बाद. कारण: तपासनीस."

मी लिहिलं.

"सही?"

सहीही केली.