रुचिताच्या गोष्टीत कुणी बुडत नसे

दातिवऱ्याच्या कोळीवाड्यातली मुलगी स्पॅनिश साहित्यात एम.ए. करते म्हटल्यावर लोक आधी हसायचे. हसणारच! घराघरापुढे मासळी सुकतेय, आणि ही ओट्यावर बसून कसल्या तरी परक्या भाषेतल्या कविता मोठ्यानं म्हणतेय. रुचिताला त्याचं काही नव्हतं. तारापूरच्या एका औषध कंपनीत ती निर्यातीचं काम बघायची. तिकडच्या गिऱ्हाइकांशी बोलता यावं म्हणून भाषा शिकली, आणि मग पुस्तकांचं वेडच लागलं. कामावरून आली की मोबाइलवर तास सुरू: कधी कथा, कधी कविता, कधी निबंध.

आणि तिचं वाचलेलं ऐकणार कोण, तर शाळेचं तोंडही न पाहिलेली तिची आई, शकू. जबड्यात जबडा अडकवून बोंबील बांबूवर टांगता टांगता तिला गोष्ट लागायची.

"निबंध नको गो, त्यात कायच घडत नाय," ती म्हणायची. "गोष्ट सांग. कविता चालंल, पन तिच्यात मानूस पायजे."

आता गोष्टी तरी कसल्या! त्या लेखकांचे किनारे लांबचे, पण तिथंही कुणीतरी समुद्रात जायचं आणि परत यायचंच नाही. इथं मोठी पंचाईत झाली. घरचा माणूस बोटीवर असताना घरात 'बुडाला' हा शब्द काढायचा नाही, ही शकूची सक्त रीत. त्या घरात दिवससुद्धा मावळायचा, बुडायचा नाही. आणि रुचिताचे वडील, नामदेव, पावसाळा सोडला तर बोटीवरच. मग रुचितानं सरळ शेवटच फिरवले. दीपगृहाचा राखणदार पोहत आला. दोघे भाऊ फळीला धरून आले. एका कवितेत मातेओ नावाच्या कोळ्याची नुसती टोपी किनाऱ्याला लागते. तो मातेओ तिनं ओल्या कपड्यांनिशी दारात उभा केला आणि त्याला गरम जेवण मागायला लावलं. शकू खूश! "काय मानूस! बायकोचा जीव कसा टांगणीला लावला," म्हणून त्याला शिव्याही घालायची.

दिवाळीनंतर नामदेवची बोट वादळात उलटली. दोन खलाशी वाचले. नामदेवला पाण्याखाली जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण देह काही मिळाला नाही. पिठाचा पुतळा करून क्रिया उरकू, असं नामदेवचा भाऊ दामू म्हणाला. शकू कुणाला कुंकवाला हात लावू देईना. रोज ताट वाढून दाराशी बसायची.

"वयनी, असा जीव अडकून ऱ्हातो गो त्याचा," दामू रडकुंडीला येऊन म्हणाला.

"तुमी गप ऱ्हा, भावजी. तो मातेओ नाय आला? सगले मेला म्हनत होते. रुचिताला इचारा, पुस्तकात हाय."

आईचा पुस्तकावर केवढा हा विश्वास, आणि पुस्तकात तसं काही नव्हतंच. होतं ते सगळं रुचिताच्या पदरचं.

दामू गेल्यावर ती आईच्या पायाशी बसली. "आई, मातेओ आला नाय. त्याची टोपी आली फक्त. मी खोटं सांगितलं. बाबा बोटीवर होता ना गं, कसं बोलू?"

शकू रागावेल, पाठीत धपाटा घालेल, असं रुचिताला वाटलं. तसं काही झालं नाही.

"मंग तो दिवेवाला?"

"नाय आला."

"काय झालं त्याचं? नीट सांग."

"बुडाला."

"आनि ते दोन भाव?"

"धाकटा बुडाला, आई."

शकूच्या डोळ्यांना धार लागली. नवऱ्यासाठी टिपूसही न गाळलेली बाई त्या परमुलखातल्या पोरासाठी "बाला रे माज्या" करत रडली. मग तिनं एकेकाचं विचारलं, आणि एकेकासाठी रडली. गोष्टी संपल्या. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आनि तुजा बाबा?"

रुचितानं आईचे दोन्ही हात घट्ट धरले. "बुडाला गो आई. आपला बाबा बुडाला."

शकूनं असा हंबरडा फोडला, की आळीतल्या बायका हातचं टाकून धावत आल्या. शेजारची मंदा दारातच घुटमळली. शकूनं तिला हातानं जवळ बोलावलं आणि आपलं कपाळ पुढं केलं.