शेजारच्या टेबलावरची हजेरी

सकाळी सातला सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, माझ्या शेजारच्या टेबलावर साठीतली एक कृष्णवर्णीय अमेरिकन बाई बसायची. मुलीकडे राहायला आलेली. कॉफीच्या कपाला फोन टेकवलेला. अमेरिकेत तेव्हा संध्याकाळ असते. मोठ्या वयात शिकणाऱ्या काळ्या लोकांसाठी तिच्या गावात एक छोटं कॉलेज आहे, त्याचा वर्ग फोनवर भरायचा. हजेरीला ती उठून उभी राहायची आणि स्वतःच्या नावानंतर आणखी एक नाव सांगायची.

सकाळी कुणाशी बोलायची मला सवय नाही, तरी एकदा विचारलं.

"आईचं नाव," ती म्हणाली. "घरातल्या ज्यांना शाळा मिळाली नाही, त्यांचीही हजेरी आम्ही लावतो. तुमच्याकडे आहे कुणी?"

"आई. शेवंताबाई. अजून अंगठाच लावते," एवढं सांगून मी ऑफिसची एमआरटी मेट्रो गाठली.

दुसऱ्या दिवशी मी ट्रे परत ठेवायला उठलो, तेवढ्यात तिची हजेरी आली. तिनं स्वतःच्या आईचं नाव घेतलं आणि पुढं अडखळत म्हणाली, "शे-वान-टा-बाय."

फोनमधल्या शिक्षिकांनी ते नाव लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "हजर."

ट्रे हातात धरून मी हजेरी संपेपर्यंत उभा राहिलो.