'भारी'चा नवा अर्थ

शब्दकोशाच्या कचेरीत काम करणाऱ्या कोशवहिनींसमोर तोंड उघडायची घरात सगळ्यांनाच धास्ती. नवरा रागानं काही बोलला, की भांडण राहायचं बाजूला. "थांबा, हा शब्द पुन्हा म्हणा," म्हणत त्या पर्समधून शब्द टिपायचं कार्ड काढायच्या. अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

यंदा त्यांनी हट्टच धरला होता. नव्या आवृत्तीत 'भारी'चा कौतुकाचा अर्थ यायलाच हवा. जुन्या कोशानं जड आणि महाग एवढ्यावरच त्याची बोळवण केली होती. "नुसतं 'छान' नाही हो," त्या संपादकांना सांगत, "छान म्हणायला मान डोलावली तरी पुरते. भारी म्हणताना डोळे मोठे होतात!"

संपादक बधेनात. "पोरासोरांची बोली. उद्या विरून जाईल. एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून सहज आलेला दाखवा, मग बोलू."

पानं छपाईला निघायच्या बेतात होती. वहिनी म्हाताऱ्यांच्या हात धुऊन मागे लागल्या. पण कार्ड दिसलं, की माणसं भाषणाला उभी राहिल्यासारखी बोलत. बागेतल्या एका आजोबांनी तर 'अत्युत्तम'च्या खाली उतरायलाच नकार दिला.

आणि एका दुपारी वहिनी भांडी घासत असताना बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. बहिणीशी फोनवर बोलत होत्या. "माझी सून भारी काम करते गं!" वहिनींच्या नोकरीला आजवर 'कागद चिवडणं' म्हणणाऱ्या याच त्या सासूबाई! वहिनींच्या हातातलं पातेलं सुटलं. आधी रडावं की आधी लिहून घ्यावं? त्यांनी दोन्ही एकदम केलं.

"सासूनं सुनेचं कौतुक केलं?" संपादकांना पुराव्याचाच संशय आला. त्यांनी कचेरीत सगळ्यांदेखत सासूबाईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

सासूबाईंनी घसा साफ केला. "आमच्या सूनबाई अत्यंत कार्यक्षम आहेत."

वहिनींनी कपाळाला हात लावला. गेलं सगळं मुसळ केरात! संपादक फोन ठेवणार, तोच पलीकडून खडा आवाज आला, "आणि काय हो, तुमचा तो कोश निघणार तरी कधी? तिचं भारी काम लोकांना दिसू दे की जरा!"

सारी कचेरी टाळ्या पिटत उठली. संपादकांनी हसत हसत कार्ड ओढलं आणि स्वतःच्या हातानं वाक्य उतरवून घेतलं.

कोश छापून आला, तेव्हा वहिनींनी सर्वांत आधी तेच पान उघडलं. 'भारी : पाहताक्षणी थक्क करणारा, मनापासून कौतुक वाटावं असा.' खाली उदाहरण होतं, 'तिचं भारी काम लोकांना दिसू दे.'

आता ते दिसत होतं. कोश हाती घेणाऱ्या प्रत्येकाला.