सहाव्या वर्षी आलेली दाढ

लहानपणी मला खोकला फार आवडे. खोकला आला की माझे वडील, अप्पा, निजताना ताडाच्या खडीसाखरेचा, म्हणजे आमच्या तंजावरच्या पनंकल्कंडूचा, एक खडा माझ्या गालात ठेवत आणि लाडाने 'कण्णा' म्हणत थोपटत बसत. खडा हळूहळू विरघळे, घरामागच्या कालव्याचं पाणी खिडकीपर्यंत आल्यासारखं वाटे, आणि झोप कुठून सुरू झाली ते मला कधीच कळत नसे. खोकला गेला तरी मी खोकत राही. त्या सोंगात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. अप्पांना ते कळत असावं, पण खडा काही बंद झाला नाही.

तेव्हा घरोघरी केबल येत होती. जाहिरातींतली मुलं पांढरेशुभ्र दात काढून हसत, आणि माझी मागची दाढ काळी पडत होती. "दुधाची हाय, पडेल," घरात सगळे म्हणाले.

मग ती ठणकू लागली. बसस्टँडजवळ नवा दवाखाना थाटलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून पाहिलं आणि तमिळमध्ये सांगितलं, ही दुधाची नव्हेच. एकही दात न पाडता सहाव्या वर्षी सगळ्यांच्या मागून गुपचूप येते, म्हणून लोक फसतात. ही जन्मभर पुरवायची. आज भरली तर वाचेल, उशीर झाला तर काढावी लागेल. आणि गोड तोंडात ठेवून मुलीला झोपवू नका, दात घासूनच निजवा.

अप्पा खाली बघत उभे होते. खडा ठेवणारा हात त्यांचाच होता. मला त्यांची फार दया आली, पण ते घरघरणारं यंत्र जवळ येताच मी ओठ गच्च मिटले. डॉक्टरीणबाईंनी गोंजारलं, दटावलं. मी ढिम्म.

शेवटी अप्पा माझ्यासमोर येऊन बसले. त्यांनी तोंडाशी हात नेला आणि वरचे सगळेच्या सगळे दात त्यांच्या तळहातावर आले. अप्पांना कवळी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांचे गाल आत गेले, चेहरा ओळखू येईना. बाकावर चार माणसं बसलेली, आणि चारचौघांत शर्टाचं वरचं बटणसुद्धा न उघडणारे माझे अप्पा तसेच बसून राहिले.

"हें पाहा गे, कण्णा," ते म्हणाले. शब्द फुटके, ओले येत होते. "मला कोणी सांगितलंच नाही."

मी तोंड उघडलं.