रुमालाखालचा हात

दलालानं माझ्या हातावर रुमाल टाकला, खालून माझी दोन बोटं धरली, आणि धरता धरता विचारलं, "गाव कोनतं, फौजी?"

मी गाव सांगितलं. पारनेर तालुक्यातलं.

"गावात कुनीकडं ऱ्हाता?"

हा प्रश्न मला पाठ आहे. घर शोधायला कुणी हा प्रश्न विचारत नाही. मी म्हणालो, "वढ्याच्या पल्याड. म्हारवाड्यात."

रुमालाखाली माझी बोटं सुटली. त्यानं रुमाल चिमटीत उचलला, दोनदा झटकला आणि बाभळीच्या काट्याला उन्हात अडकवला. खिशातून दुसरा रुमाल काढला. म्हणाला, "तू आपला तोंडानं बोल. ऐकू येतंय मला."

'तुमी'चा 'तू' झाला. तेवढ्या वेळात काडीसुद्धा पेटत नाही.

मी गोष्ट थोडी वाढवून सांगतो. माझी बायको म्हणते, हा खाल्लेल्या भाकरीसुद्धा वाढवून सांगतो. पण ह्या रुमालात एक धागा जास्तीचा नाही.

दुष्काळाचं साल. जागा कोल्हारजवळचा माळ. प्रवरेत वाळू होती, पाणी नव्हतं. बैलाला कुणी गिऱ्हाईक नव्हतं आणि ट्रकला मात्र सोन्याचा भाव होता. दुष्काळी कामांवर खडी टाकायला, धान्य वाहायला गाडी मिळेना. मग जन्मभर बैल विकलेल्या ह्या नाना दलालानं जुने ट्रक विकायला घेतले. बैलाची सगळी रीत त्यानं जशीच्या तशी ट्रकला लावली. बॉनेट असं उघडायचा, की आता दात मोजून दाखवतो. टायरवर थाप मारून दोन पावलं मागं सरायचा. ट्रक लाथ मारील अशी भीती असावी.

सौदाही बैलाचाच. रुमालाखालचा. दलाल गिऱ्हाइकाचा हात धरतो, वर रुमाल टाकतो, आणि गिऱ्हाईक बोटं दाबून आकडा सांगतं. किती बोटं, कोणतं पेर, त्यावर भाव. मग दुसऱ्या गिऱ्हाइकाचा हात, मग मालकाचा. कुणी काय सांगितलं ते शेजारी उभ्या माणसालाही कळत नाही. सगळी मजा त्या न कळण्यात.

आणि मला त्या न कळण्याचीच गरज होती.

मी मिलिटरीत पंधरा वर्षं गाडी चालवली. बर्फातून असा घाट उतरलोय, की मागचं चाक पुढच्या चाकाला वाट विचारायचं. पेन्शनीला आल्यावर नगरच्या एका मालकाच्या ट्रकवर चार वर्षं ड्रायव्हर होतो. मालक जुनी गाडी विकायला काढी, तेव्हा तिला नटवायचं काम माझंच. म्हातारीला नवरी करून उभी करायची सगळी कला माझ्या हातात. त्यामुळे कुणाची गाडी बघायला गेलो, की मला आधी संशय येतो आणि मग गाडी दिसते.

त्या सकाळी मी आणि उस्मानचाचा गाडी बघायला गेलो. चाचा नगरचा फिटर. इंजिनाला कान लावून त्याच्या पोटातलं सांगणारा. गाडी तिथल्याच एका बागायतदाराची होती. त्याला सगळे अण्णा म्हणत. कडक टोपी, करकर वाजणाऱ्या वहाणा.

"तीन दिस जागची हलली न्हाई," अण्णा म्हणाला. "पर बटन दाबलं की चालू."

मी बॉनेटवर हात ठेवला. चटका बसला. सकाळचे आठ वाजलेले. तीन दिवस झोपलेल्या गाडीला एवढा ताप? म्हणजे पहाटे कुणीतरी तिला पळवून, तापवून आणून उभी केली होती. गार इंजिन चालू होत नाही, ते झाकायला.

गिअर टाकला. आवाजच नाही. एवढ्या जुन्या गाडीच्या गिअरला कुरकुर हवी, म्हाताऱ्या माणसाला खोकला असतो तशी. म्हणजे गिअरबॉक्सात लाकडाचा भुसा भरलेला. टायर नवे दिसत होते; गुळगुळीत रबरावर तापल्या लोखंडानं नक्षी कोरलेली. चेसी गंजलेली, आणि मधेच हातभर तुकड्यावर ताजा काळा रंग. रंगाखाली वेल्डिंग, वेल्डिंगखाली भेग.

एकेक खोट सापडली की मला गुदगुल्या होत होत्या. ह्यातली प्रत्येक खोट चाचा आणि मी मिळून महिन्याभरात काढू शकत होतो. ती एक भेग सोडली, तर गाडीची हाडं चांगली होती. खोटी फक्त आम्हा दोघांना ठाऊक. रुमालाखाली खालचा आकडा दाबायचा आणि गाडी घ्यायची. एकोणीस वर्षं दुसऱ्याची गाडी चालवलेला माणूस मालक होणार होता.

दुसरं गिऱ्हाईक होतं राहुरीकडचा बापू. बापाच्या उसावर ट्रक घ्यायला मोटारसायकलवरून आलेला. त्याला स्टेअरिंग आणि स्टेपनी ह्यांतला फरक कळत असेल असं मला वाटत नाही. पण पोरगा बेरकी. सगळा वेळ तो गाडीकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

आणि नाना मला म्हणत होता, तोंडानं बोल.

बोललो असतो तर काय झालं असतं? बापूनं ऐकलं असतं. फौजी एवढे देतोय म्हणजे गाडी चांगलीच. त्यावर थोडे चढवून त्यानं रुमालाखाली नानाची बोटं दाबली असती. अक्कल माझी, गाडी त्याची.

मी म्हणालो, "मंग बापूंनीबी तोंडानं बोलावं."

"त्यांनी का म्हनून? रीत हाय ती."

"रीत हाय तर मलाबी हाय."

अण्णा हसला. "आरं, तुला गाडी इकतोय ह्येच लई झालं. वर लाड कशाला पायजेल?"

चाचानं माझा दंड धरला. हळूच म्हणाला, "पोरा, मी घालतो की हात. तुझा आकडा माझ्या कानात सांग."

"हां!" नाना लगेच म्हणाला. "मिस्त्रीचा हात चालंल."

माझ्या मनात पाल चुकचुकली. नानानं इतक्या घाईनं हो का म्हणावं? चाचानं इतक्या घाईनं हात का पुढं करावा? दोघांचं आधीच ठरलंय का? गाडीवर संशय घेता घेता मी माझ्या माणसावर आलो होतो.

आणि चालंल म्हणे! चाचाचा हात कोपरापर्यंत काळ्या तेलात. नखात ग्रीस. तो चालत होता. माझा हात मी पहाटे साबणानं तीनदा धुतला होता. तो चालत नव्हता.

खरं सांगतो, मी हो म्हणणार होतो. हो अगदी जिभेवर आलं होतं. जन्मभर तेच केलं होतं. नगरात खोली मिळाली ती दुसऱ्याच्या नावावर. लेकीला शाळेत घालायचं, तर ओळखीचे मास्तर मधे. दर वेळी कुणीतरी चांगला माणूस मधे उभा राहायचा आणि त्याच्या हातानं माझं काम व्हायचं. मी त्याचे पाय धरायला तयार. माझ्या हातानं काम का होत नाही, हे मी एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. आम्ही धर्म बदलून सोळा वर्षं झाली होती. हात बदलायचे राहिले होते.

"न्हाई, चाचा," मी म्हणालो. "गाडी मी चालवनार. हात माझाच."

मग नानाकडे वळलो. "नाना, तुमी म्हनला, तोंडानं बोल. बोलतो."

आणि मी परेडचा आवाज काढला. तो आवाज संगमनेरच्या बाजारात ऐकू गेला, असं नंतर मला एकानं सांगितलं. त्याला ते सांगायला मीच सांगितलं होतं, तो भाग वेगळा.

"इंजिन गरम हाय! पहाटं तापवून आनलंय! गिअरबॉक्सात भुसा हाय! टायर कोरल्यात! चेसी मोडून जोडलीया, वरनं रंग मारलाय!"

बाभळीखालच्या चहाच्या टपरीवरची चार माणसं उठून उभी राहिली. बापू गाडीखाली वाकला, ताज्या रंगावर नख ओढलं, नखाकडे बघितलं. मोटारसायकलला किक मारली आणि गेला.

"आरं ए! त्वांड आवर!" अण्णा अंगावर आला.

"त्वांडानंच बोलाया सांगितलं व्हतं, अण्णा."

अण्णा आणि नाना बाजूला गेले. कुजबुजले. काय बोलत असतील ते उघड होतं: आता ती गाडी सगळ्या नगर जिल्ह्यात एकच माणूस घेऊ शकत होता. मी.

नाना परत आला तो नवा माणूस होऊन. "फौजी, झालं गेलं सोडा. तुमच्या मनासारखं करू. या, घाला हात." त्यानं स्वतःचा हात पुढं केला आणि वर रुमाल टाकला. आवाज खाली आणून म्हणाला, "आता रुमालाखाली कोन बघतंय?"

तिथं मला सगळं कळलं. त्याला माझ्या हाताचा विटाळ नव्हता. विटाळ बघणाऱ्यांच्या डोळ्यांना होता. झाकलं तर मी चालत होतो.

गाडी मिळाल्यात जमा होती. दोन बोटं आत घालायची बाकी.

मी रुमालाचं टोक धरलं आणि तो ओढून काढला. "असाच धरा."

नानाचा हात उघडा पडला. त्यानं टपरीकडे बघितलं. अण्णाकडे बघितलं. मग तो हात हळूहळू मागं गेला आणि धोतराला पुसला गेला. अजून मी शिवलोही नव्हतो.

"न्हाई व्हायचं त्ये," तो म्हणाला.

"मंग सौदा न्हाई."

"गाडीला मुकशील, येड्या."

"मुकलो."

रुमाल मी त्याच्या पायाशी टाकला आणि निघालो.

रस्त्याला लागलो. ऊन वर आलं होतं. चाचा मागून धापा टाकत येत होता. नानाशी संधान असतं, तर म्हातारा टपरीवर चहा पीत बसला असता; माझ्यामागं उन्हात कशाला आला असता? मला माझीच लाज वाटली.

"चांगली हुती रं गाडी," तो म्हणाला. "चेसी मी चार दिवसांत उभी केली असती."

"ठावं हाय."

"मग आता?"

आता काय! दुसऱ्या दिवशी पुन्हा मालकाच्याच गाडीवर. ती गाडी गेल्याचं दुःख मला वाढवूनसुद्धा सांगता येत नाही. ते आहे त्यापेक्षा मोठं करायला जागाच नाही.

पण चाचाला त्या रस्त्यावर जे सांगितलं, त्यातला शब्द मी आजवर बदललेला नाही. म्हणालो, "चाचा, पुढच्या गाडीचं बॉनेट मी नंतर उघडनार. आधी चार मानसांत माझा हात पुढं करनार, उघडा. इकनाऱ्यानं धरला, तर गाडी बघायची. न्हाई धरला, तर गाडी सोन्याची असू दे. तिच्या सगळ्या खोटी मोठ्यानं सांगायच्या, आन् मंगच तिथनं हलायचं."