कुपीवरची चिठ्ठी

हे दयाघना, तुला कोणी डोळ्यांनी पाहिले नाही. तुझा धक्का लागला, जीव वाकला, वाट बदलली, एवढ्यावरूनच आम्ही तुला ओळखतो. न दिसणाऱ्याची खूण वाचताना आपलेच बोट मध्ये येऊ नये, एवढी बुद्धी सर्वांना दे. आणि ती बुद्धी लाभलेल्या एका साध्या माणसाची गोष्ट सांगायला माझ्या वाणीला बळ दे.

त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अणुभट्टीवर ते तंत्रज्ञ, सत्तावीस वर्षे. भट्टीत जन्मलेले न्यूट्रॉन पाण्यात ठेचकाळत मंद होतात आणि भिंतीतल्या नळीतून बाहेर येतात. समोर असते अण्णांची कुपी: पातळ ॲल्युमिनियमची, आत उणे एकशे अठ्ठ्याऐंशी अंशांवर द्रव झालेला आर्गॉन. न्यूट्रॉन अणूंवर आदळतात, कोणाचा वेग वाढतो, कोणाचा घटतो, वाट वाकते. ते कुठे आणि केव्हा पोचले हे भोवतीच्या मोजणीनळ्या टिपतात, आणि त्यावरून अणू आत कसे वावरतात ते कळते. नव्यांना अण्णा समजावून सांगत, "वायू म्हणजे सुट्टीतलं मैदान. द्रव म्हणजे आमचं दोन खोल्यांचं घर, आणि आलेले सहा पाहुणे. हलायचं तर दुसऱ्याला सरकवूनच."

अण्णांचा एक नेम होता. आधी रिकामी कुपी मोजायची, मग भरलेली. दुसरीतून पहिली वजा केली की उरतो निव्वळ आर्गॉन. रिकामीची मोजणी झाली की ते कुपीवर कागदी चिठ्ठी चिकटवत: क्रमांक, तारीख, वजन, मोत्यासारख्या अक्षरांत. भरण्यासाठी कुपी शीतपात्रात बसवण्याआधी ती चिठ्ठी सोलून काढत. कारण कागदात आणि डिंकात हायड्रोजन, आणि हायड्रोजनवरून न्यूट्रॉन असे उधळतात की नखाएवढा कागदही आर्गॉनचा आवाज दाबून टाकतो.

भट्टी दुरुस्तीसाठी सहा महिने बंद व्हायची होती. जेमतेम चार दिवस उरले होते. प्रबंध लिहिणाऱ्या एका मुलीची शेवटची मोजणी नुकतीच संपली होती, आणि वजाबाकीनंतर आलेखात कोणाच्या ध्यानीमनी नसलेला एक उंचवटा उभा राहिला होता. तिच्या मार्गदर्शक सरांनी तो तीनदा पाहिला आणि म्हणाले, "लिहून काढ." तिने आईवडिलांना फोनही केला.

सकाळी अण्णांनी शीतपात्र उबेला आणून कुपी बाहेर काढली. तळाशी चिठ्ठी होती. अक्षर त्यांचेच. भरण्याच्या दिवशी पाहुण्यांचा किस्सा मुलीला रंगवून सांगता सांगता हात नेम विसरला होता. दालनात दुसरे कोणी नव्हते. अण्णांनी चिठ्ठी सोलली, खिशात घातली आणि ते जेवायला घरी गेले.

"मीठ कमी पडलं का?" पत्नीने विचारले.

"नाही."

"मग ताटाशी नुसते काय बसलाय?"

अण्णांनी चिठ्ठी ताटाशेजारी ठेवली. नातेवाइकांपेक्षा हायड्रोजनच्याच तक्रारी जास्त ऐकलेली ती बाई. तिने वाचली.

"ही काढायची राहिली होय?"

"राहिली."

"पोरीला ठाऊक आहे?"

"कोणालाच नाही. पाच महिन्यांनी मी निवृत्त. कोण विचारणार आहे?"

"तुम्ही मला विचारायला आला असाल, तर ताट झाकून ठेवते. सांगून या. आल्यावर गरम करते."

अण्णा उठले. ज्या पायांनी आले त्याच पायांनी परतले, आणि आधी मुलीलाच सांगितले. तिने चिठ्ठी हातात घेऊन उलटून पाहिली.

"म्हणजे काका, तो उंचवटा या डिंकाचा?"

"डिंकाचा आणि कागदाचा. आर्गॉनचा नाही, बाळा."

"मी घरी सांगून बसले."

"म्हणावं, म्हाताऱ्यानं घोळ घातला."

तेवढ्यात सर आले, आणि ऐकून तापले. "अण्णा, सत्तावीस वर्षांत नेमकी हीच वेळ सापडली तुम्हाला?"

सर दोन फेऱ्या मारून थांबले. उरलेले दिवस त्यांच्या स्वतःच्या मोजणीचे होते. "घ्या माझे दोन दिवस," ते म्हणाले. "माझा वायू सहा महिन्यांत कुठं पळून जातोय? सिलिंडरचं तोंड बंद आहे."

कुपी पुन्हा बसली. या वेळी मुलीने तिच्या अंगावरून चारी बाजूंनी बोट फिरवून पाहिले, आणि अण्णांनी मुकाट्याने पाहू दिले. दोन दिवसांनी वजाबाकी झाली. उंचवटा गेला होता. उरली होती एक मऊ, अखंड उतरण.

"साधीच आहे की हो, काका," ती म्हणाली. मग उतरणीवरून बोट फिरवत, "पण छान आहे."

प्रबंधाच्या परिशिष्टात चिठ्ठीची हकीकत छापली आहे. तंत्रज्ञाच्या चुकीसह छापा, असा हट्ट खुद्द तंत्रज्ञानेच धरला होता.

हे कृपाळा, या अण्णांचा हात स्थिर राहो आणि नजर स्वच्छ राहो. ताट झाकून ठेवणाऱ्या त्या माउलीला उदंड आयुष्य लाभो. त्या दोन खोल्यांत पाहुण्यांची दाटी कधी न सरो, आणि जागेअभावी कोणाला कधी परत फिरावे न लागो.